कुमुदची रजई

निफाडच्या कडाक्याच्या थंडीत कुमुदच्या घरी तिसरी नवी रजई आली. कोणतीही वस्तू जिथे सर्वात जास्त आनंद देईल तिथेच गावाचं वाटपयंत्र ती पाठवायचं. त्या हिशोबानंच गावातली उपासमार संपली होती, हे कुमुदही मान्य करायची. पण तिचा स्वभावच आनंदी; मनगटावरच्या आनंद मोजणाऱ्या पट्टीत तिचा आनंद सगळ्यांहून जास्त उमटायचा. म्हणून अन्नापलीकडचं बरंच काही तिच्याकडेच यायचं.

शेजारचे शिवरामकाका मात्र बायको गेल्यापासून कशानंच खुलत नव्हते. त्यामुळे त्यांच्या वाट्याला जेवणापलीकडे काही येईना. आज सकाळी ते पोतं पांघरून ओट्यावर कुडकुडत बसलेले तिला दिसले. तिनं रजई उचलली.

पट्टी बोलली, "ही रजई त्यांना दिल्यास गावाचा एकूण आनंद घटेल."

"घटू दे!" कुमुदनं पट्टी काढून ठेवली आणि ती तडक शेजारी गेली.

काका ओशाळले. "कशाला गं पोरी? मला आता कशानंच आनंद होत नाही."

"आनंदाचं कोण विचारतंय, काका? थंडी वाजते ना?"

"वाजते," काका हळूच म्हणाले.

तिनं रजई त्यांच्या खांद्यांभोवती घट्ट लपेटली.