उष्टं ताट

“ताई, हिनं मला आज जेवायलाच वाढलं नाही गं,” भेटायला आलेल्या बहिणीला पाहताच मुकुंदराव रडकुंडीला आले.

शरयूनं शांतपणे त्यांच्यापुढचं ताट नणंदेला दाखवलं. आमटीचे ओघळ, कडेला शेवग्याच्या शेंगांचा चोथा. “मेंदूचा झटका आल्यापासून हे असं चाललंय, वन्सं. जेवलेलं आठवत नाही आणि पोट भरलं हे मेंदूला कळतच नाही. डॉक्टरांनी बजावलंय, भूक भूक करतील, विश्वास ठेवू नका.”

मुकुंदरावांनी ताट निरखलं. “म्हणजे जेवलो मी,” ते ओशाळून म्हणाले.

मीठ कमी पडलं की हेच ताट पूर्वी भिंतीवर आदळायचं. नवऱ्यानं आधी जेवायचं आणि त्याच ताटात उरेल त्यावर बायकोनं भागवायचं, ही त्या घरची रीत. काही उरलं नाही तर शरयू पाणी पिऊन झोपायची. तेव्हा याच वन्सं म्हणायच्या, “बाईच्या जातीला एवढी भूक शोभत नाही.”

आज त्यांनी डोळे पुसले. “किती करतेस गं त्याचं!” म्हणत लाडवांचा डबा तिच्या हवाली केला आणि निघाल्या.

दार लावून शरयू ताट उचलायला वाकली. तिच्या दातांत अजून शेंगेचा धागा अडकला होता. हल्ली त्या ताटात आधी तीच जेवायची आणि मागे काही ठेवायची नाही.

“आमटीत मीठ बरोबर होतं का गं?” मुकुंदरावांनी भीतभीत विचारलं.

“अगदी बरोबर होतं,” शरयू म्हणाली.