लांबची मदत

पुराचं पाणी ओसरलं आणि आम्ही कॉलेजची पोरं घरोघरी मदत मागत फिरू लागलो. आमच्या आईने कोरी गादी, चादरी आणि माळ्यावरची नवी शेगडीही काढून दिली.

"लांबच्या एखाद्या गरजू घरी दे," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावरच्या तुझ्या काकूला मात्र यातली चिंधीसुद्धा मिळता कामा नये. सडू दे तिला चिखलात!"

मी "बरं" म्हणाले, सामान उचललं आणि एक जिना उतरले.

"लांबच्या एका बाईंनी पाठवलंय," मी काकूला सांगितलं. शेगडीवरून हात फिरवता फिरवता तिचे डोळे भरून आले.

"त्या माउलीला उदंड आयुष्य मिळो गं," काकू म्हणाली, "आणि तुझ्या आईचं तळपट होवो!"