पाहुण्यांची सोय

आमच्या आळीत लग्नाचे पाहुणे कायम शेजाऱ्यांच्या घरी उतरायचे. माझ्या बहिणीच्या, निशिगंधाच्या लग्नात मी मात्र चाकणच्या हायवेवरच्या नव्या हॉटेलात एसी खोल्या घेतल्या. झालं, समोरच्या सोजराकाकू रुसल्या. "आमची घरं काय पडली व्हय रं? आता लग्नालाबी येत न्हाई, जा!"

संध्याकाळी पाहुणे हॉटेलात बॅगा टाकून जेवायला घरी आले, ते परत जायचं नावच घेईनात. "तिथं दार लावून बसायचं, बोलायचं कुणाशी?" असं म्हणत मामा-मावश्यांनी काकूंच्या घरापासून आळीतल्या घराघरांत गाद्या पसरल्या आणि काकूंच्याच गच्चीवर पत्त्यांचा डाव मांडला. काकूंचा रुसवा पळाला. मी मात्र रिकाम्या खोल्यांच्या नावानं हळहळत झोपलो.

सकाळी निदान हॉटेलातला नाश्ता तरी वाया जाऊ नये म्हणून तिकडे गेलो.

खिडकीजवळच्या टेबलांवर अख्खी आळी बसली होती, प्रत्येकाच्या ताटाशेजारी पाहुण्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या. इडली सांबारात बुडवत सोजराकाकू म्हणाल्या, "ये रं शेखर, बस. काय करणार, तुझ्या पाव्हण्यांनी आमच्या घरात झोपायला जागाच ठिवली न्हाई!"