नाव न छापण्याच्या अटीवर

"नाव घेऊनच या," अधीक्षकांनी निघताना बजावलं होतं. "काय करायचं ते करा, पण नाव घेऊनच या."

मेट्रनबाईंनी मान डोलावली होती. मनोरुग्णालयात त्यांची एकतीस वर्षं नोकरी झाली होती, एकच उरलं होतं. राहतं घर रुग्णालयाच्या आवारातलं, आणि घरात अंथरुणाला खिळलेले यजमान. यातलं अधीक्षक काही बोलले नाहीत. यजमानांची तब्येत कशी आहे, एवढंच त्यांनी विचारलं.

आता त्या एका लांबलचक टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. शेजारी टिपणं घ्यायला पाठवलेला रुग्णालयाचा कारकून. तोंडाला खंड नाही म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. गाडीत त्याचं एकच चाललं होतं, की काळजी कसली, आमच्या मेट्रनबाईंपुढे मुडदासुद्धा तोंड उघडतो.

समोर बसली होती एक बातमीदार मुलगी. तिच्या वृत्तमालिकेची मानवी हक्क पत्रकारितेच्या पुरस्कारासाठी निवड जवळजवळ झाली होती. बायकांच्या वॉर्डात रुग्णांना दिवस मावळायच्या आत खाटांना बांधतात, एका हिवाळ्यात नऊ जणी गेल्या आणि नऊही जणींपुढे 'ताप' एवढंच लिहिलं गेलं, असं तिनं लिहिलं होतं. पुरावा म्हणजे वॉर्डाच्या नोंदवहीतली नऊ पानं. ती आतल्याच कुणीतरी तिला दिली होती, नाव न छापण्याच्या अटीवर.

निवड जाहीर करण्याआधी ज्यांच्यावर आरोप आहे त्यांचंही ऐकून घ्यायचं, असा या पुरस्काराचा नियम होता. रुग्णालयाचं म्हणणं, पानं बनावट आहेत, देणाऱ्याला समोर आणा. पुरस्कार मिळाला तर सरकारला चौकशी टाळता येणार नव्हती. नाकारला गेला तर सगळंच थोतांड ठरणार होतं आणि वॉर्डाचं दार पुन्हा बंद होणार होतं.

पुरस्काराच्या निवड मंडळाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी मेट्रनबाईंना रुग्णालयातर्फे प्रश्न विचारायला सांगितलं.

मेट्रनबाईंनी पानं कधी मिळाली ते विचारलं. मुलीनं महिना सांगितला. कुठे मिळाली, याला तिनं उत्तर दिलं नाही. अक्षर कुणाचं, तेही तिला ठाऊक होतं, पण सांगणार नाही म्हणाली. प्रत्येक उत्तर ती टेबलाकडे बघत देत होती आणि दर वेळी 'मॅडम' म्हणत होती.

"हिला घाम फुटलाय," रेडिओ कुजबुजला. मेट्रनबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो लिहायला लागला.

"तुला हा पुरस्कार नकोय का?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"हवाय की, मॅडम. आईनं शेजारीपाजारी सांगूनसुद्धा टाकलंय."

अध्यक्षांना हसू आलं, पण ते लगेच ओसरलं. त्यांनी एक कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. नाव त्यावर लिहायचं, ते एकटे वाचतील आणि तिथंच फाडून टाकतील. अधिक काही नको. मंडळाला फक्त खात्री हवी होती.

मुलीनं चिठ्ठीकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन बोटांनी ती परत सरकवली. त्यांच्यावर विश्वास आहे, ती म्हणाली, पण तिनं दिलेला शब्द नुसता नाव न छापण्यापुरता नव्हता.

मेट्रनबाई पुढे वाकल्या. एरवी वॉर्डभर घुमणारा त्यांचा आवाज शेजारच्या रेडिओलाही जेमतेम ऐकू आला.

"सांगून टाक, पोरी. त्या माणसालाही कदाचित आता तेच हवं असेल."

"तसं असेल तर ते माणूस आपल्या पायांनी येईल," मुलगी म्हणाली. "मी त्याला ओढून आणणार नाही."

रेडिओचं पेन थांबलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, मग हा पुरस्कार तुम्हाला देता येणार नाही. समजतंय ना? तिला समजत होतं. तिनं कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि मंडळाचे आभार मानले. ती उठली तेव्हा अध्यक्षही उठून उभे राहिले. मग दुसरे सभासद, मग तिसरे. असं कुणी ठरवलं नव्हतं. हरलेल्या माणसासाठी ती माणसं उभी होती, आणि मेट्रनबाईंनी पाहिलं, की म्हाताऱ्या न्यायाधीशांचे हात नकळत जुळले आहेत.

खाली येईपर्यंत रेडिओनं अधीक्षकांना फोनही करून टाकला. नाव मिळालं नाही, पण पुरस्कारही गेला. म्हणजे आपलंच काम झालं, साहेब. साहेब खूश होते. मेट्रनबाईंचं कौतुक करत होते.

रेडिओनं गाडीचं दार उघडलं. मेट्रनबाई बसल्या नाहीत. तुम्ही पुढे व्हा, म्हणाल्या. घरी सांगा, यजमानांना औषध शेजारच्या वहिनी देतील.

त्या परत जिना चढू लागल्या. सावकाश, कठड्याला धरून. मधल्या वळणावर, मागे राहिलेली मुलगी खाली येताना भेटली. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून ती जागीच थांबली आणि वाट अडवून उभी राहिली.

"मावशी, नको," ती हळूच म्हणाली. "मी सांगितलं नाही. कधीच सांगणार नाही."

"पानं तुझ्या हातात ठेवताना मी काय म्हटलं होतं?" मेट्रनबाईंनी तिला अलगद बाजूला केलं. "तुला खोटं ठरवलं, तर मी उभी राहीन."

आणि त्या उरलेल्या पायऱ्या चढू लागल्या.