उजवीकडचे खिसे

शनिवारी दुपारी रागिणीचे हात नांदगाव पेठेच्या कारखान्यात शर्टांना खिसे शिवत होते आणि बाकीची रागिणी अमरावतीला, उद्याच्या तीनच्या शोला जाऊन बसली होती. हॉलमधले दिवे मंदावले होते. शेजारी खास अकोल्याहून आलेली मावसबहीण प्रणाली, दोघींच्या मधे पॉपकॉर्न. ट्रेलर पाहून पाहून नायकाची चालसुद्धा तिला पाठ झाली होती. तो धुक्यातून येतो, थांबतो, मान वळवतो. नेमका रागिणीकडेच वळवतो, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

"रागिणी."

सुपरवायझर मनोजभाऊ मशीनपाशी उभे होते. त्यांनी तिने शिवलेला शर्टाचा भाग उचलून स्वतःच्या छातीला लावला.

"शर्टाले खिसा कोन्त्या अंगाले राह्यते?"

खिसा उजवीकडे होता. रागिणीने घाईघाईने गठ्ठा चाळला. तीसच्या तीस खिसे उजवीकडे. स्वप्नात रंगलेल्या बाईने डाव्या भागांचा ढीग सोडून उजव्यांचा ओढला होता आणि इमानेइतबारे सगळा संपवला होता.

"चुकलं भाऊ. म्या..."

"सोमवारी सकायीच माल निघते. सहाच्या बसच्या आंधी झालं तं ठीक, नाही तं उद्या येऊन कर."

ते हळू आवाजात बोलले. माणूस वाईट नव्हता. पण शिलाईच्या हॉलमध्ये हळू आवाजातलं बोलणंच सगळ्यांना आधी ऐकू जातं.

तीस खिसे उसवायचे, कापडाला भोक पडू द्यायचं नाही, पुन्हा डावीकडे शिवायचे, आणि हातात तीन तास. एकटीच्याने होण्यातलं नव्हतं. प्रणालीने या रविवारसाठी दवाखान्यातली ड्यूटी बदलून घेतली होती, पुन्हा असा रविवार कधी मिळेल कोण जाणे. रागिणीने कात्री घेतली आणि पहिला टाका कापला. दुसरा दिसेना, इतके डोळे भरून आले होते.

पुढच्या मशीनवरच्या आशाबाई उठल्या. कॉलर शिवणाऱ्या, वयाने मोठ्या, आणि बोलल्या तर टोचूनच बोलणाऱ्या. त्यांनी गठ्ठ्यातले आठ भाग उचलले आणि जागेवर जाऊन उसवायला घेतले. मग शेजारच्या मशीनवरची दामिनी आली, ती आठ घेऊन गेली. मग मागच्या रांगेतल्या दुर्गाबाई आल्या, त्यांनीही आठ नेले. रागिणीपुढे सहाच उरले.

"काकू, तुमचं काम राहून जाईन," रागिणी कशीबशी म्हणाली.

"राहू दे." आशाबाईंनी मान वर केली नाही. "रविवारी आमच्या मांगं दळण, धुणं, लेकरं. आमाले कोन नेते थेटरात? सोमवारी डबा खाता खाता तू सांगतं, तेवढाच आमचा पिच्चर. तूच नाही गेली तं आमी काय पाह्याचं?"

रागिणीला हे कधी सुचलंच नव्हतं. आपण बडबडतो आणि या बाया मुकाट्याने भाकर खातात, एवढंच तिला वाटत आलं होतं. तिने डोळे पुसले, उसवलेला खिसा डाव्या भागावर नीट बसवला आणि मशीन चालू केली. आता हातांबरोबर बाकीची रागिणीही इथेच होती.

"अन् या खेपेले नीट ध्यान देजो," दातांनी धागा तोडत आशाबाई म्हणाल्या. "मांगच्या टायमाले तू पिच्चरातल्या त्या पोरीच्या साडीचा रंगच सांगतला नाही. म्या आठ दिवस तिले मोरपंखी नेसवली, अन् ह्या दामिनीनं पिवळी."