डावीकडचा भांग

"चमनगोटा करून टाका, काका," खुर्चीत बसत कामेन म्हणाला.

त्सोनो न्हाव्याने त्याच्या टाळूवरून बोटं फिरवली. "विरळ झालेत खरे, पण नेहमीसारखा डावीकडून भांग पाडून ओढून घेतले तर अजून चार वर्षं झाकतील. एवढी घाई कसली?"

"करा तुम्ही."

केस मांडीवर पडत राहिले. कामेनला काहीच वाटलं नाही.

घरी परतला, तर इमारतीच्या दारावर त्याच्या जुळ्या भावाच्या, राद्कोच्या, निधनाचा कागद अजून चिकटलेला होता. त्यावरच्या फोटोत तेच विरळ केस, तोच डावीकडचा भांग.

गेले चाळीस दिवस रोज दार उघडताच आईचा चेहरा उजळायचा. मग ती म्हणायची, "अरे, तू होय."

आज चेहरा उजळलाच नाही. "ये, कामेन," म्हणाली आणि आत वळली.