स्वच्छतेचं बक्षीस

रोज धार मी काढते, पण स्वच्छ दुधात पहिला नंबर आला म्हणून पिंपळवंडीच्या डेअरीत सत्कार झाला तो आमच्या ह्यांचा. बक्षीस मिळालं औषधाची बाटली आणि कप. धार काढून झाली, की गाईचे सड त्यात बुडवायचे, म्हणजे कासेत जंतू शिरत नाहीत. ह्यांनी दोन्ही वस्तू शोकेसमध्ये मांडल्या, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. मी नुसता हात लावला, तर घर डोक्यावर घेतलं.

परवा गाईची कास दगडासारखी झाली, एक सड कायमचा गेला. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "सुभाषभाऊ, बक्षिसाचं औषध वापरलं नाही का?"



"स्वच्छतेचं बक्षीस हाय ते, डॉक्टर! गोठ्यात नेऊन घाण करू व्हय?"